अश्रफ छावणीतल्या बायका: नेतृत्व मिळालं, घर गेलं

मुजाहिदीन-ए-खल्क ही इराणच्या राजवटीविरुद्ध लढणारी संघटना, आणि इराकमधली अश्रफ छावणी हा तिचा तळ. तिच्यावरच्या एका लेखात म्हटलंय, ‘मुजाहिदीन-ए-खल्कमध्ये बाई रणगाडा चालवायची, तुकडीची कमांडर व्हायची, म्हणून ती मुक्त झाली’. हे विधान अर्धंच खरं आहे. कमांडर होत्या, हे कबूल. 1985 मध्ये मरियम रजवी सहनेत्या झाल्या, 1993 मध्ये नेतृत्व परिषद पूर्ण स्त्रियांचीच झाली. पण त्याची किंमत लेखात कुठेच येत नाही. संघटनेची जुलै 1988 ची इराणवरची चढाई पार फसली. मग संघटनेचे नेते मसूद रजवींनी खापर फोडलं सैनिकांच्या डोक्यावर: तुमचं मन नवरा-बायकोत अडकलंय, म्हणून हरलो. त्यातून सगळ्यांवर सक्तीचे घटस्फोट आले. 1991 च्या आखाती युद्धात तर शेकडो मुलं युरोप-अमेरिकेत पाठवली. कारण सुरक्षेचं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, पण बरीचशी मुलं आईबापांना परत मिळालीच नाहीत.

रोजचं जगणं कसं होतं, ते रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2009 च्या अहवालात आहे. राहण्याच्या जागा वेगळ्या, काही इमारतींत मार्गिकेच्या मधोमध रेघ, एक बाजू बायकांची, एक पुरुषांची. पेट्रोल पंपावरसुद्धा दोघांच्या वेळा वेगळ्या! मनात आलेले लैंगिक विचार वहीत टिपून बैठकीत सर्वांसमोर वाचायचे, असं संघटना सोडलेले अनेकजण सांगतात. संघटना हे आरोप फेटाळते. आणि गणवेशासोबतचा हेडस्कार्फ? तो ऐच्छिक नव्हता. तेहरानच्या हिजाबसक्तीविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत.