बारा व्होल्टातली फेज

मालवणच्या किनाऱ्यावर बोटीत डोकं घालून बसलेल्या माणसाला कोणी एकटं सोडत नाही. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली, परवा बोट पाण्यात ढकलली, तर तळातलं पाणी उपसणारा पंप ढिम्म. फ्यूज शाबूत. बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे पोटभर चार्ज. पंप सोडवून मीटर वायरीच्या टोकाला लावला, तिथेही १२.६. आता कुठे डोकं चालायला लागलं होतं, तेवढ्यात आबा आले.

आबा आमच्या वाडीतले निवृत्त वायरमन. हयात विजेच्या खांबांवर गेली. लुंगी खोचून ते बोटीच्या काठावर टेकले, बोट कलली, तळातलं सगळं गढूळ पाणी माझ्या पायांवर आलं आणि आबांनी खिशातून टेस्टर काढला.

"फेज खंयची?"

"आबा, बॅटरी ही. हिका फेज नसता."

"फेज नाय तर करंट येतलो खंयसून?"

टेस्टर लाल टोकाला टेकवून त्यांनी वर अंगठा ठेवला. दिवा लागला नाही. काळ्या टोकाला टेकवला. नाही. अंगठा लुंगीला पुसून पुन्हा लाल. आबांनी मान हलवली, डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतात तशी. "मेली तुझी बॅटरी."

टेस्टरातल्या निऑनच्या दिव्याला पेटायलाच साठेक व्होल्ट लागतात, बाराला तो भीक घालत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"माका शिकवतंस? ह्या टेस्टरार आख्खो तालुको चलवलंय मी!"

एव्हाना जाळी शिवणारे दोघे आणि पॅरासेलिंगवाला एक पोरगा गोळा झाले होते. सर्वानुमते बॅटरी मृत ठरली. माझा मीटर 'चायनाचो' म्हणून बाद.

हेच आबा पंचांग न उघडता भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची; चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पाणी भरणार. परवा चतुर्थीच होती. "तीनाक पाणी भरतला, आटप," म्हणाले, आणि त्यात चूक नसते. पण बॅटरीचं तुम्हाला कळत नाही, असं त्यांना सांगायची सोय नाही. घरातली लाइन गेली की अजून आम्हाला त्यांच्याच दारात जावं लागतं.

शेवटी पंप जोडून, बटण चालू ठेवूनच व्होल्ट मोजले. चार! फळी उचकटली. पाणी कायम साचतं नेमकं तिथे, दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोलली तर आत तांब्याचा हिरवा भुगा, दोन-चार तारा कशाबशा धरून. मीटरला दाखवण्यापुरता करंट त्यातून जात होता. पंपाने तीन अँपिअर मागितले की व्होल्ट तिथेच जिरत होते.

हे काम गेल्या वर्षी मी रोख पैसे मोजून करून घेतलंय. वायर घरातल्या पंख्याची, दर बोटीचा. खाऱ्या पाण्यात कथील चढवलेल्या तारांची वायर लागते. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावल्याशिवाय आमटी न शिजवणाऱ्या गावात ती मला एका दुकानात मिळाली नाही. "हीच घ्या, सगळे हीच नेतात." गाडीचा इलेक्ट्रिशियन बोटीचं म्हणून हात लावत नाही, इंजिनवाला वायरिंगचं म्हणून. रात्रभर पाऊस पडून बोट नांगरावरच बुडाली, की मग बघायला सगळे येतील.

खराब तुकडा कापला, उरलेल्या वायरीचा सांधा पाण्याच्या वर घेतला. पंप घुरघुरला, पाणी बाहेर पडलं. आबांनी टेस्टर खिशात घातला.

"बघ, मी काय सांगी होतंय? करंटच येय नव्हतो."

जाताना जरा आवाज उतरवून, "तो तुझो मीटर वायच दी. आमचो मिक्सर बंद असा."

काल मीटर मागायला गेलो. काकी म्हणाल्या, आबा झोपलेत. आत कोणीतरी स्क्रू पिळत होतं.