मोरया आमचा, परवानगी त्यांची

पुण्यात गणपतीचा मांडव घालायचा असेल तर महापालिका एक खिडकी योजना उघडते. कागद द्या, शिक्का घ्या, खांब रोवा. पण त्याच मांडवातला देखावा रात्री एखाद्या मुलीबरोबर बघायचा असेल तर कुठल्या खिडकीत जायचं, हे कुणी सांगत नाही. आमच्या बाबतीत ती खिडकी नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर होती. तिला बाहेरून गज, आतून जाळी आणि मध्ये त्या मुलीचे बाबा होते.

आम्ही दोघंही एफवायला. दोघांचीही अठरा पूर्ण. म्हणजे राज्यात कुणाचं सरकार यावं हे आम्ही ठरवू शकतो, पण तुळशीबागेचा गणपती दुपारी बाराला बघायचा की रात्री नऊला, हे नाही. ओळख झाली ती कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीत. ती प्रकाशयोजना बघते, मी अंधारात टेबल उचलतो. असं असल्यावर ओळख व्हायला वेळच लागला.

मित्रांनी सोपा मार्ग सुचवला होता. तिनं घरी सांगायचं की मैत्रिणीकडे अभ्यासाला चालले आहे, आणि मग दोघांनी झेड ब्रिजवर जाऊन बसायचं. झेड ब्रिजवर बसणाऱ्या जोडप्यांची अशी ठाम समजूत असते की आपण जगाकडे पाठ केली म्हणजे जगानंही आपल्याकडे केली. प्रत्यक्षात तो डेक्कनहून पेठांत यायचा पूल आहे आणि तिच्या बाबांचा बँकेतून घरी यायचा रस्ताही तोच. शिवाय ती खोटं बोलायला तयार नव्हती. तत्त्वबित्त्व काही नाही. "आमच्या पेठेत खोटं टिकत नाही," एवढंच. वाणी, इस्त्रीवाला आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू यांच्यामार्फत सगळ्या बातम्या दिवेलागणीच्या आत बाबांपर्यंत पोचतात म्हणे. तेव्हा "तूच घरी ये आणि विचार," असा हुकूम सुटला. "फक्त एक ते चारमध्ये येऊ नकोस. तेव्हा बाबा झोपतात आणि उठले की चिडलेले असतात."

"आणि चारनंतर?"

"चारनंतर नुसतेच कडक असतात."

काका दारातच भेटले. आधी त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बसायला सांगितलं ते अशा खुर्चीत, जिच्यासमोर पंखा नव्हता. मग आडनाव. मग मूळ गाव. मग वडील काय करतात. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. नंतर त्यांनी विचारलं, "राहता कुठे?"

"चिंचवडला."

काका थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणजे पुण्यात नाही."

आता यावर भांडता येत नाही. पिंपरी-चिंचवडची महापालिका 1982 पासून वेगळी आहे, त्यामुळे कायद्यानं काकांचंच बरोबर होतं. परदेशी पाहुण्याला विचारावं तशा आपुलकीनं त्यांनी विचारलं, "मग इकडे येतोस कशानं?"

"मेट्रोनं. मंडईला उतरतो आणि चालत येतो."

"गाडी नाही?"

"नाही."

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा निवळला. इतकी वर्षं घरी गाडीसाठी भुणभुण करत होतो आणि आई नाही म्हणत होती. तिचे उपकार त्या दिवशी कळले. बाइकवाल्या मुलाला मुलीच्या बापापुढे जे काही सिद्ध करावं लागतं, ते मला मेट्रोनं फुकटात करून दिलं होतं.

"नाटकात काय करतोस?"

"टेबल उचलतो."

"म्हणजे नट नाहीस." हा दुसरा गुण. एवढ्या गरिबीत कुणी इतके गुण मिळवले नसतील.

पण मग सुरू झाली तोंडी परीक्षा. मानाचे पाच गणपती क्रमानं सांग. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. हे चिंचवडच्या पोरांनाही येतं. लगेच, अगदी सहज बोलता बोलता, "आणि दगडूशेठ कितवा?" सापळा होता. दगडूशेठला गर्दी सगळ्यात जास्त, पण मानाच्या पाचांत तो नाही. बाहेरगावचा माणूस इथे हमखास सहावा म्हणतो आणि त्याचा चहा तिथेच थांबतो. मी वाचलो.

पुढचा प्रश्न मात्र असा होता की ज्याला बरोबर उत्तर पुण्यात अजून तयार झालेलं नाही. "सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कुणी केला?"

1892 मध्ये भाऊ रंगारींनी, असं म्हणावं तर समोर टिळकांच्या केसरीवाड्याच्या पेठेत राहणारा माणूस. टिळकांनी म्हणावं, तर आतल्या खोलीत आजी होत्या, आणि त्यांचं माहेर भाऊ रंगारींच्या बाजूचं आहे असं मला तिनं जिन्यातच बजावलं होतं. गुरुजी तालमीचा गणपती 1887 पासूनचा, म्हणजे दोघांच्याही आधीचा आणि हिंदू-मुसलमानांनी मिळून बसवलेला, हा तिसरा पर्याय माझ्याकडे होता, पण तो वापरला असता तर दोन्ही पक्ष एकदम अंगावर आले असते. काका उत्तराची वाट बघत होते. आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला होता.

"काका," मी म्हणालो, "सुरू कुणीही केला असेल. पण सगळे जण ओरडताना मोरया म्हणतात ना, ते मोरया गोसावी आमच्या चिंचवडचे."

शांतता. मग आतून आजींचा खणखणीत आवाज आला, "बरोबर बोलतोय तो! समाधी तिथेच आहे. पवनेच्या काठी."

काका म्हणाले, "हं." आणि माझ्यासमोरचा पंखा लावला.

परवानगी मात्र मिळाली नाही. "बघू," म्हणाले. नारायण पेठेतलं बघू हे नाहीपेक्षा बरं असतं, पण त्याला तारीख नसते. ते पक्कं व्हायला काकूंची, म्हणजे तिच्या आईची, सही लागते, हे मला नंतर कळलं.

काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला विळी दिली. दारात गणपती येऊन ठेपले होते, सारणासाठी नारळ खवायचे होते, आणि मी काय कायम बसलेलाच दिसत होतो. नारळ खवण्यातून माणूस कळतो असा काकूंचा सिद्धांत आहे. घाई करणारा करवंटीपर्यंत खरवडत जातो आणि खोबऱ्यात तपकिरी कण उतरतात. आळशी वाटी अर्धी ठेवून देतो. "पांढरं संपलं की थांबता आलं पाहिजे," त्या उकड मळता मळता म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. त्या नारळाबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, याचा विचार करताना माझं बोट खवणीवर गेलं. काकूंनी हळद लावली आणि त्या लावता लावताच आई कुठे नोकरी करते, घरी कोण कोण असतं, बारावीला किती टक्के पडले, हे सगळं काढून घेतलं. काकांना जे खुर्ची, पंखा आणि मानाचे गणपती वापरून जमलं नव्हतं, ते काकूंनी चिमूटभर हळदीत केलं.

ती या सगळ्या वेळात कुठे होती? बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत होती. मधूनच दारात येऊन हसून जात होती.

आजींची गोष्ट वेगळी. त्यांना माझ्या चारित्र्यात काडीचा रस नव्हता. त्यांना पानशेत सांगायचं होतं. 12 जुलै 1961. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खालचं खडकवासल्याचं, आणि पाणी पेठांत शिरलं. आजी तेव्हा चौथीत होत्या. घरात सगळ्यांना ही गोष्ट इतकी पाठ होती की आजींनी "त्या दिवशी बुधवार होता" म्हटलं रे म्हटलं की काकांना बँकेचं काम आठवायचं, काकूंचा कुकर शिट्टी द्यायचा आणि ती चार्जर शोधायला निघून जायची. मी नवीन होतो. मला जायला जागाही नव्हती. पण खरं सांगायचं तर ती गोष्ट ऐकण्यासारखीच आहे. माणसं काय काय उचलून पळाली हे आजी सांगतात तेव्हा हसावं की गप्प बसावं कळत नाही. कुणी तांदळाचा डबा, कुणी देव, कुणी शिवणयंत्राचं फक्त झाकण. पाणी ओसरल्यावर कुणाचं कपाट कुणाच्या अंगणात होतं आणि ते परत करताना काय वाद झाले, हे तर त्या आडनावांसकट सांगतात. मी मधूनमधून "मग पाणी कुठपर्यंत आलं आजी?" एवढंच विचारायचो. आजी हातानं भिंतीवर रेघ दाखवायच्या. प्रत्येक खेपेला ती रेघ थोडी वर सरकायची.

आजींनीच शेवटी निकाल लावला. "जाऊ दे रे पोरांना," त्या काकांना म्हणाल्या. "ऐकून घेणारा मुलगा आहे."

काकांनी अटी घातल्या. आमच्याबरोबर कोण कोण असणार, कुठल्या क्रमानं बघणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतायचं कधी. "दहाला स्पीकर बंद होतात. स्पीकर बंद झाल्यावर देखाव्यात बघायला काय उरतं? साडेदहाच्या आत घरात."

"पण बाबा, काही दिवस बारापर्यंत परवानगी असते," ती म्हणाली.

"त्या दिवशी गर्दी असते. त्या दिवशी जायचंच नाही."

शिवाय लाइव्ह लोकेशन. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात. काकांनी चष्मा वर करून आठ तास निवडले. साडेसहाला निघून साडेदहाला परतणाऱ्या माणसांना आठ तास कशाला, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही.

तर अशा रीतीनं आम्ही निघालो. ज्यासाठी एवढं सगळं केलं ती संध्याकाळ कशी होती, हे सांगायला मला आवडलं असतं. पण गर्दीत ती नेहमी माझ्या पुढे तीन माणसं सोडून असायची आणि दोरी धरलेले कार्यकर्ते "पुढे चला, थांबू नका" म्हणत असायचे. एका जिवंत देखाव्यासमोर जरा जागा मिळाली. मी मनाशी वाक्य जुळवलं, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच स्पीकरवरून अफजलखान हसला. त्याचं हसणं संपेपर्यंत माझं वाक्य विरून गेलं होतं.

"काय म्हणालास?" तिनं ओरडून विचारलं.

"काही नाही. खान चांगला आहे."

तेवढ्यात फोन वाजला. काका.

"नदीत काय करताय?"

"नदीत? काका, आम्ही गुरुजी तालमीसमोर आहोत."

"मला इथे मुठेत दिसताय. मघापासून. मधेच तुम्ही पलीकडच्या काठाला गेलात आणि परत आलात."

त्या गर्दीत नेटवर्कचं डोकं फिरलं होतं आणि नकाशावरचा आमचा ठिपका नदीत पोहत होता. तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "बाबा, विसर्जनाला अजून वेळ आहे!" म्हणाली आणि ठेवला. मी भीतीनं गार पडलो. लगेच व्हिडिओ कॉल आला. मग तिथे, त्या रेटारेटीत, मी मोबाइल उंच धरून काकांना मूर्ती दाखवली, मांडव दाखवला, मंडळाची पाटी दाखवली. मागून काकू म्हणाल्या, "अहो, आरास छान केलीय, जरा डावीकडे घ्यायला सांगा ना." मी डावीकडे घेतलं. पुढचे दोन देखावे आम्ही चौघांनी मिळून पाहिले. आजींना दिसत नव्हतं म्हणून त्याही पुढे सरकल्या आणि चौघांचे पाच झालो.

दहा वीसला आम्ही खाली पोचलो. काका गॅलरीत उभे होते. घड्याळ बघून म्हणाले, "ठीक." आणि मग, "तू आता एवढ्या लांब जाणार कसा?"

"गणपतीत मेट्रो उशिरापर्यंत असते काका."

"पोचलास की फोन कर."

केला. पहिल्या रिंगला उचलला. खडकीला गर्दी होती का, पिंपरीहून घरी रिक्षा मिळाली का, किती घेतले, सगळं विचारलं.

त्या फोनपासून मात्र गाडी रुळावरून घसरली. काकांचा माझ्यावर विश्वास बसला, आणि बसला तो उठायलाच तयार नाही. त्यांचे फोन सुरू झाले. आजींना मोरयाच्या समाधीला यायचंय, कुठल्या वेळेला गर्दी कमी असते? मेट्रोचं कार्ड रिचार्ज कसं करायचं? सगळं कुटुंब चिंचवडला येऊन गेलं. काका माझ्या बाबांशी राजकारणावर बोलले, निघताना दारातल्या चपला त्यांनी स्वतः सरळ केल्या, आणि "गाव तसं वाईट नाही" असं प्रमाणपत्र देऊन गेले. ती आली नव्हती. तिची तालीम होती.

आणि मग एका संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज खाली उतरवलेला.

"अरे, ती तालमीला म्हणून गेलीय. फोन उचलत नाहीये. तालीम आहे ना आज? तिला सांगू नकोस हं मी विचारलं."

तालीम नव्हती. ती मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खायला गेली होती आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. आता एका बाजूला हा माणूस, ज्याचा विश्वास मिळवायला मी बोट कापून घेतलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला ती, जिच्यासाठी कापून घेतलं होतं. "बघतो काका," म्हणालो आणि तिला मेसेज केला की बाबा शोधतायत.

तिला चार सेकंदांत सगळं कळलं. "बाबा तुला विचारतात?" पाठोपाठ, "कधीपासून?" आणि मग, "तू नक्की माझा कोण आहेस आणि त्यांचा कोण, ते ठरव." त्यानंतर बोलणं बंद. तालमीतही मी टेबल ठेवलं की ती त्यावरचा प्रकाश काढून घ्यायची.

काकांनी हे हेरलं. "भांडलात का? मी बोलतो तिच्याशी." मी नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवला होता. रात्री तिचा फोन आला. मागे काका जोरात खाकरल्याचा आवाज.

"बाबांनी सांगितलंय म्हणून करतेय," ती म्हणाली. "काय बोलायचं ते लवकर बोल. दहाच मिनिटं दिलीत."