जपून खेळणारा क्वार्टरबॅक जिंकत नाही, हा समज तपासताना

अमेरिकन फुटबॉलविषयी एक विधान गेली अनेक वर्षे इतक्या ठामपणे मांडले जाते की त्याला आता सिद्धान्ताचे रूप आले आहे. विधान असे: बचावाच्या जोरावर आणि चुका टाळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या (आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) साथीने एनएफएलचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे) विजेतेपद मिळवण्याचे दिवस संपले. २००० सालचा विजेता बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ अपवाद होता. नंतर नियम पासिंगच्या, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेण्याच्या, बाजूने झुकले. आणि ज्या संघाकडे लांबवर अचूक फेकणारा, जोखीम अंगावर घेणारा, एकट्याच्या बळावर सामना फिरवणारा क्वार्टरबॅक नाही, त्याने सुपर बोलची (एनएफएलच्या अंतिम सामन्याची) आशा धरू नये. सावध क्वार्टरबॅकला इथे ‘गेम मॅनेजर’ म्हणतात आणि हा शब्द कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर या खेळाकडे वळलेल्या मराठी प्रेक्षकांपैकी अनेकांना खेळाची ओळखच या विधानासकट होते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा मराठीत तपासून पाहावा असे मला वाटले.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. या विधानातली मूळ चूक अशी की सावधपणा हा खेळाडूचा स्वभाव आहे असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात सावधपणा ही बव्हंशी संघाची आखणी असते. क्वार्टरबॅकला एका सामन्यात किती वेळा अवघड फेक करायला लावायची, हे चेंडू घेऊन धावणारे धावपटू, प्रशिक्षक आणि मुख्यतः बचाव फळी ठरवते.

पहिला मुद्दा रेव्हन्सचा. ‘ट्रेंट डिल्फरसारखा सामान्य क्वार्टरबॅक एकदा नशिबाने जिंकला, त्यावरून नियम काढू नका,’ असे म्हटले जाते. त्या हंगामात रेव्हन्सच्या बचावाने १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले आणि प्रतिस्पर्ध्यांना धावून ९७० यार्डांच्या पुढे जाऊ दिले नाही. १६ सामन्यांच्या हंगामात याहून कमी गुण कुणीही दिलेले नाहीत. ऑक्टोबरात या संघाच्या आक्रमणाने सलग पाच सामन्यांत एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे, सहा गुण) केला नाही, तरी त्यांतले दोन सामने संघाने निव्वळ फील्ड गोलांवर (किक मारून मिळणाऱ्या तीन-तीन गुणांवर) जिंकले. त्याच काळात क्वार्टरबॅक टोनी बँक्सच्या जागी डिल्फर आला, पहिला सामना हरला आणि पुढचे सलग अकरा सामने जिंकला. त्या अकरांत २८ जानेवारी २००१ रोजी टॅम्पा येथे झालेला सुपर बोलही आला. तिथे न्यू यॉर्क जायंट्सचा ३४-७ असा पराभव झाला.

इथे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. डिल्फरचा नियमित हंगाम निर्दोष नव्हता. त्याने १२ टचडाउन पास दिले आणि ११ इंटरसेप्शनही दिली, म्हणजे इतके पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. तो जन्मजात सावध होता, असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. परंतु प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) चार सामन्यांत मिळून त्याला फक्त ७३ पास टाकावे लागले आणि त्यांतला एकच प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. टेनेसी टायटन्सविरुद्ध त्याचे अवघे पाच पास पूर्ण झाले. तो सामना अडवलेली किक घेऊन ९० यार्ड धावलेल्या अँथनी मिचेलने आणि इंटरसेप्शनवर ५० यार्ड धावलेल्या रे लुईसने जिंकून दिला. चार सामन्यांत बचाव फळीने मिळून एकच टचडाउन दिला, कारण अंतिम सामन्यातला जायंट्सचा टचडाउन किक परतवताना झाला होता, बचाव फळीसमोर नाही. बचाव असा खेळत असताना क्वार्टरबॅकवर तिसऱ्या प्रयत्नात (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात) पंधरा यार्डांची हताश फेक करण्याची पाळी येत नाही. पंट करून, म्हणजे किक मारून चेंडू लांब प्रतिस्पर्ध्याकडे, देऊन टाकला तरी काही बिघडत नाही, कारण तो लवकरच चांगल्या जागी परत मिळणार असतो.

पुढच्या वर्षी काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. विजेतेपद मिळवूनही रेव्हन्सने डिल्फरला सोडले आणि एल्विस ग्रबॅकला आणले. त्याने आदल्या हंगामात कॅन्सस सिटीकडून चार हजारांहून अधिक यार्ड फेकले होते. विजेत्या संघानेच आपला क्वार्टरबॅक बदलला, याचा दाखला ‘गेम मॅनेजर’च्या विरोधात नेहमी दिला जातो, मात्र दाखला देणारे त्या बदलाच्या परिणामापर्यंत येत नाहीत. बचाव अजूनही लीगमधल्या चांगल्या बचावांत मोडत होता, पण सराव शिबिरात जखमी झाल्याने धावपटू जमाल लुईस सबंध हंगाम बाहेर बसला आणि चेंडू पुढे नेण्याचा भार क्वार्टरबॅकच्या हातावर आला. ग्रबॅकने १५ टचडाउन पास आणि १८ इंटरसेप्शन दिली, आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध तीन इंटरसेप्शन देऊन संघ २७-१० असा हरला. मी यात ग्रबॅकला दोष देत नाही. आकड्यांनी अधिक नामवंत क्वार्टरबॅक आणला, पण त्याला जपण्याची आखणी मोडून पडली, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

शिवाय रेव्हन्स एकटे नव्हते. २००२ च्या हंगामात टॅम्पा बे बकनिअर्सच्या ब्रॅड जॉन्सनने २२ टचडाउन पास देताना फक्त सहा इंटरसेप्शन दिली. अंतिम सामन्यात समोर ओकलंडचा क्वार्टरबॅक रिच गॅनन होता, त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. संपूर्ण नियमित हंगामात गॅननने दहा इंटरसेप्शन दिली होती. टॅम्पाच्या बचावाने एकाच संध्याकाळी पाच काढून घेतली, त्यांतल्या तीनवर थेट टचडाउन केले आणि सामना ४८-२१ असा जिंकला. ज्याला अपवाद म्हटले गेले तो दोनच वर्षांनी पुन्हा घडला होता.

दुसरा मुद्दा नावांचा आहे आणि तो लवकर निकालात निघतो. ‘विजेत्या क्वार्टरबॅकची यादी पाहा: ब्रेडी, मॅनिंग, महोम्स,’ असे सांगितले जाते. यादी खरी आहे, पण त्या विजयांच्या आत डोकावून पाहिले की चित्र बदलते. टॉम ब्रेडीच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी, ५०३ गुण करून आलेल्या सेंट लुईस रॅम्सविरुद्ध, त्याने एकूण १४५ यार्ड फेकले. त्या दिवशीचा पेट्रिअट्सचा, म्हणजे ब्रेडीच्या संघाचा, पहिला टचडाउन टाय लॉने इंटरसेप्शनवर केला आणि निर्णायक गुण अॅडम विनातिएरीच्या ४८ यार्डांच्या किकवर आले.

पेटन मॅनिंगचे दुसरे विजेतेपद तर माझ्या म्हणण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन पास दिले, डेन्व्हर ब्राँकोजने ६०६ गुणांचा विक्रम केला, आणि सुपर बोलमध्ये सिअॅटल सीहॉक्सच्या बचावापुढे तो संघ ४३-८ असा कोसळला. दोनच वर्षांनी, थकलेल्या हाताने, त्याच मॅनिंगने नियमित हंगामात नऊ टचडाउन पासांसमोर १७ इंटरसेप्शन दिली आणि काही आठवडे तो बाहेरही बसला. प्लेऑफसाठी परतल्यावर त्याच्याकडून मागितले गेले ते एवढेच, की चेंडू सांभाळ. तीन सामन्यांत त्याने एकच इंटरसेप्शन दिले. अंतिम सामन्यात ब्राँकोजने एकूण १९४ यार्ड मिळवले, जे सुपर बोल जिंकणाऱ्या संघासाठी नीचांकी होते. तरीही व्हॉन मिलर आणि बचाव फळीतल्या त्याच्या साथीदारांनी, हंगामात ५०० गुण केलेल्या कॅरोलायना पँथर्सना दहा गुणांवर रोखले. माणूस एकच, विक्रम करणारा आक्रमक संघ हरला आणि सावध संघ जिंकला.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे: ‘असा संघ पिछाडीवर पडला की संपला, कारण सावध क्वार्टरबॅकला गुणांचा पाठलाग जमत नाही.’ यात सत्याचा अंश आहे. २०११ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सच्या अॅलेक्स स्मिथने १७ टचडाउन पासांसमोर केवळ पाच इंटरसेप्शन दिली आणि संघाने १३ सामने जिंकले, पण जायंट्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिसऱ्या प्रयत्नावर तेरापैकी एकदाच पुढे जाता आले आणि जादा वेळेत २०-१७ असा पराभव झाला. पंट परतवताना संघाच्या हातून दोनदा चेंडू सुटला, हेही त्या पराभवाचे कारण होते. पण तिसरा प्रयत्न साधत नसेल तर जपून खेळण्याला अर्थ उरत नाही, हे मला मान्य आहे.

परंतु त्याच स्मिथने आठवडाभर आधी काय केले होते? त्या हंगामात पासिंगचा विक्रम करणाऱ्या ड्रू ब्रीजच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तो दोनदा पिछाडीवरून परतला. एकदा स्वतः २८ यार्ड धावला आणि नऊ सेकंद उरले असताना व्हर्नन डेव्हिसला विजयी पास दिला. तो सामना ३६-३२ असा सुटला. पुढे कॅन्सस सिटीकडून खेळताना, जानेवारी २०१४ मध्ये, त्याने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध ३७८ यार्ड आणि चार टचडाउन पास दिले, संघाने ३८-१० अशी आघाडी घेतली, आणि तरीही सामना ४५-४४ असा गमावला. तो दिवस सावध क्वार्टरबॅकच्या दुबळेपणाचा पुरावा म्हणून कुणी वापरू नये. त्या दिवशी क्वार्टरबॅकने आपले काम केले होते आणि कोसळला तो बचाव.

उलट बाजूचे एक उदाहरण मी स्वतःच पुढे ठेवतो, कारण ते दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१८ मध्ये अॅरन रॉजर्सने सबंध हंगामात फक्त दोन इंटरसेप्शन दिली आणि ग्रीन बे पॅकर्सने १६ पैकी सहाच सामने जिंकले. नुसते जपून खेळणे कुणालाही जिंकवत नाही. चेंडू न गमावण्याचे मोल बचाव किती भक्कम आहे यावर ठरते, आणि म्हणून या दोन गोष्टी सुट्या मोजणे हीच मुळात चूक आहे.

चौथा मुद्दा मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. ‘बचाव टिकत नाही, चांगला क्वार्टरबॅक दहा-पंधरा वर्षे टिकतो.’ बकनिअर्स विजेतेपदानंतरच्या वर्षी ७-९ वर (सात विजय, नऊ पराभव) घसरले. २०१७ मध्ये बचावाच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेले जॅक्सनव्हिल जॅग्वार्स पुढच्या वर्षी पाचच सामने जिंकू शकले. विजेते ब्राँकोज पुढच्याच हंगामात प्लेऑफबाहेर राहिले आणि अनेक वर्षे बाहेरच राहिले. अकरा जणांनी एकत्र, निरोगी आणि एका पगारमर्यादेत राहायचे असते, त्यामुळे ही घसरण समजण्यासारखी आहे. तरीही सीहॉक्सने २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षे लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले आणि दोन सुपर बोल गाठले. ड्राफ्टच्या (नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या) तिसऱ्या फेरीत निवडलेला क्वार्टरबॅक रसेल विल्सन तेव्हा अल्प मोबदल्यावर खेळत होता आणि वाचलेला पैसा बचावावर खर्च करता येत होता, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मात्र हा मुद्दा पूर्ण मान्य केला तरी त्यातून निघते ते एवढेच, की या मार्गाने दीर्घकाळ राज्य करणे कठीण आहे. जिंकताच येत नाही, हे त्यातून निघत नाही.

शेवटी नियमांचा मुद्दा, ज्यावर या विधानाची सगळी भिस्त आहे. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) धरण्या-ढकलण्यावर १९७८ पासून बंधन आहे, २००४ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आणि क्वार्टरबॅकला मिळणारे संरक्षणही वाढत गेले, हे खरे आहे. पण पासिंग सगळ्यांसाठीच सोपे झाले, तर पास रोखू शकणारा बचाव दुर्मिळ होतो, आणि दुर्मिळ गोष्टीचे मोल घटत नाही, वाढते. सीहॉक्सने विक्रमी ब्राँकोजना आठ गुणांवर रोखले ते कडक अंमलबजावणीला जवळपास दहा वर्षे झाल्यानंतर.

फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२४ चा हंगाम तर अगदी अलीकडचा आहे. पहिल्या चार सामन्यांत क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने चार इंटरसेप्शन दिली आणि संघ २-२ असा अडखळला. विश्रांतीच्या आठवड्यानंतर आखणी बदलली. भार धावपटू सेक्वॉन बार्कलीच्या पायांवर गेला, आणि त्याने हंगामात २,००५ यार्ड धावून काढले. बचाव व्हिक फँजिओ या प्रशिक्षकाच्या हाती होता, आणि त्याची पद्धत लांब पास मागे दोन खेळाडू ठेवून बंद करण्याची व प्रतिस्पर्ध्याला छोट्या पासांच्या वाटेने कष्ट करायला लावण्याची आहे. उरलेल्या नियमित हंगामात हर्ट्सने एकच इंटरसेप्शन दिले आणि संघाने तेरापैकी बारा सामने जिंकले.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे पॅट्रिक महोम्सच्या कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ईगल्सने एकदाही जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडला नाही. पुढच्या फळीतल्या नेहमीच्या माणसांनीच त्याला सहा वेळा खाली पाडले. कूपर डीजीनने इंटरसेप्शनवर टचडाउन केला आणि मध्यंतराला फलक २४-० होता. हर्ट्सने त्या दिवशी फक्त २२ पास टाकले. तिसऱ्या सत्रात चीफ्सचा चौथा प्रयत्न फसला, चेंडू ईगल्सकडे आला, आणि सामनाभर जपून खेळलेल्या त्या क्वार्टरबॅकने डिव्हॉन्टा स्मिथकडे ४६ यार्डांची फेक केली. फलक ३४-० झाला.