फोमच्या आधी फटी बुजवा

भाड्याच्या घरात आवाज कमी करायला भिंतीला फोमचे चौकोन चिकटवा, असं एका लेखात वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, शेजारचा टीव्ही अडवत नाही. अडवायला वजन लागतं. (भिंतीला अंड्यांचे ट्रे लावणं तर विसराच.) शिवाय फोम काढताना भिंतीच्या रंगाचे पापुद्रे सोबत आले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले ते वेगळंच.

खरा फरक पडला तो दारामुळे. रात्री दिवा घालवून पाहिलं तर दाराखालून जिन्यातल्या उजेडाची बोटभर पट्टी दिसत होती. उजेड येतो तिथून आवाजही येणारच. दाराखाली अडकवायची फोमच्या दोन नळ्यांची पट्टी आणली, तेवढ्याने लिफ्टच्या दाराचा खणखणाट बराच दबला. मग पुस्तकांचं गच्च भरलेलं कपाट सामाईक भिंतीला लावलं, त्यानेही थोडा फरक पडला. जाड पडद्यांनी मात्र रस्त्यावरचे हॉर्न काही थांबले नाहीत.

आणि वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या? तो आवाज स्लॅबमधूनच उतरतो, आपण खाली काय करणार! वरच्या काकूंना खुर्च्यांच्या पायांना लावायच्या फेल्टच्या चकत्या नेऊन दिल्या. काकू हसल्या, पण लावल्या.