मुलांना प्रामाणिक आणि उदार होण्यापासून कसे वाचवाल?

प्रिय ख्रिस्ती पालकहो, जय ख्रिस्त.

लहान मुलं हा घरातला मोठा धोका आहे. ती खरं बोलतात. हातातलं बिस्कीट समोरच्याला दाखवतात आणि त्याने हात पुढे केला तर देऊनही टाकतात. त्यात आपण त्यांना दर रविवारी संडे स्कूलला धाडतो. तिथे आमच्यासारख्या बिनपगारी बाया त्यांना बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट सांगतात. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत! नगरमधले प्लॉटचे आजचे भाव बघता हे पोरगं उद्या असलं काही करून बसलं तर काय घ्या? तेव्हा वेळीच बंदोबस्त हवा. चर्चच्या मंडळीतली घरं पाहून पाहून मला जे उपाय समजले, ते तुमच्या सेवेला सादर करते.

पहिला धडा एसटीत द्यावा. पोराला बारा पूर्ण झाले की पूर्ण तिकीट लागतं, म्हणून कंडक्टर जवळ यायच्या आत त्याच्या कानात सांगा, "अकरा म्हण." वाढदिवसाला केक कापताना बारा मेणबत्त्या फुंकलेल्या त्याला आठवत असतील, पण मूल हुशार असतं, लवकर शिकतं. मुलींच्या बाबतीत मात्र मार्च २०२३ पासून सरकारनेच ही शिकवणी बंद पाडली आहे, बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं. त्यांच्यासाठी रेल्वे आहे.

चर्चच्या छपराची वर्गणी मागायला पंच आले की दार मुलाला उघडायला लावा आणि तुम्ही आतल्या खोलीत श्वास रोखून बसा.

आता अर्पणाची थैली. थैलीची सोय अशी की तिच्यात काय पडलं ते शेजारच्याला दिसत नाही. म्हणून मुलाला मूठ बंद ठेवून हात आत घालायला शिकवा आणि त्या मुठीत दहाचं नाणं द्या, तेच, जे वाणी घेत नाही. कोणी काही बोललंच तर बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन दमड्यांचा, दाखला तयार ठेवा, देव रक्कम पाहत नाही, अंतःकरण पाहतो. फक्त पुढचं वाक्य वाचू नका. तिने आपली सर्व उपजीविका टाकली, असं तिथे लिहिलंय. तुमची उपजीविका बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे, पांढरी, सनरूफवाली. उपासना सुटल्यावर त्याच मुलाला आईस्क्रीम खायला न्या, म्हणजे देवाचा भाव आणि कुल्फीचा भाव त्याच्या डोक्यात पक्का बसेल.

सुगीच्या सणाला लिलावात हिरिरीने भाग घ्या. दुधी भोपळा पाचशेला सोडवा. माईकवर नाव पुकारलं जाऊ द्या, टाळ्या होऊ द्या, मुलाची छाती फुगू द्या. पैसे लगेच द्यायची गरज नसते. खजिनदाराच्या वहीत तुमचं नाव पुढच्या सुगीपर्यंत सुखरूप राहतं. भोपळा मात्र त्याच दिवशी घरी न्यायचा असतो, नासतो बिचारा.

वर्षभर रविवारी उशिरा उठा. शाळाप्रवेशाचे अर्ज निघाले की सगळं कुटुंब इस्त्री करून पहिल्या बाकावर. प्रवेशासाठी पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, शिफारसपत्र हातात पडेपर्यंत तिथेच बसायचं असतं. मुलाने वाटेत विचारलं, "आपण आता दर रविवारी येणार का?" तर "हो" म्हणा. (कागदावरचा एक वेगळा खोटेपणा आपल्यातल्या कित्येकांच्या घरात आहे, दाखल्यावर एक धर्म आणि बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरा. त्यावर मी इथे टिंगल करणार नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींतून बाहेर ठेवलं, पुढे शीख आणि बौद्ध आत आले, आपण अजून दारातच. धर्म बदलल्याने गावाने जात विसरली नाही, सरकार तेवढं विसरलं. तिथे खोटं कोण बोलतंय हे मला ठरवता येत नाही. मी बोलतेय ते सनरूफवाल्यांबद्दल.)

बायबल क्विझमध्ये 'खोटी साक्ष देऊ नको' या नवव्या आज्ञेवर प्रश्न आला की मागच्या बाकावरून ओठ हलवून उत्तर सांगा.

फॅन्सी ड्रेसला मुलीला पंडिता रमाबाई करा. पांढरी साडी, हातात बायबल. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं, जगवलं, शिकवलं, हे भाषण तोंडपाठ करून घ्या. बक्षीस हमखास. मग घरी येऊन, कामाला येणाऱ्या मावशींची पोर त्या 'रमाबाईं'च्या सायकलवर बसलेली दिसली की तिला खाली उतरवा आणि सीट फडक्याने पुसून घ्या. रमाबाईंच्या देखत.

आणि आता नाताळचं वाटप. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यंदा गोळा झालेली गाठोडी सोडायचं काम माझ्याकडे होतं.

वाटपासाठी कपडे काढताना नियम सोपा आहे, जे मावशींनीही नाकारलं ते देवाला. माझ्या गाठोड्यांत चेन तुटलेल्या पँटी होत्या. काखेत उसवलेले फ्रॉक होते. एकच मोजा होता. जोडी नव्हे, एक मोजा, ज्याने दिला त्याने तो घडी करून दिला होता! पाण्याची बाटली होती, झाकण नाही. कोणाची तरी अर्धी भरलेली चित्रकलेची वही होती, त्यावर शिक्षिकेचा 'छान' असा शेरा. आणि हे सगळं आणून देताना प्रत्येक घराने फोटो काढला. पोराला पुढे उभं करायचं, गाठोडं त्याच्या हातात, मागे स्टार आणि बॅनर. एका वडिलांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, मी फ्रेममध्ये येत होते. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. डाव्या हाताचं सोडा, यांच्या दुबईच्या नातेवाइकांना दहा मिनिटांत कळलं.

त्या ढिगात एक रिमोटची गाडी आली. खोक्यासकट, एकही ओरखडा नसलेली. तिसरीतला एक मुलगा घेऊन आला होता, एकटाच, फोटो काढायला कोणी नव्हतं. मला म्हणाला, "मिस, सेल पण नवीन घातलेत. ज्याला मिळेल त्याच्याकडे सेल नसले तर?"

मी इतकी वर्षं शिकवते, मला हे सुचलं नसतं.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. मग ती स्वतः आली, मुलाला घेऊन. "मिस, ती गाडी त्याच्या चुलतभावाची आहे हो, चुकून आली." मी मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. आईने त्याच्या पाठीला बोट टोचलं, "सांग ना मिसना, कोणाची आहे?" तो म्हणाला, "दादाची." गाडी पिशवीत गेली. बदल्यात आईने मला एक जिगसॉ पझल दिलं, त्याचे तुकडे मी अजून मोजलेले नाहीत, मला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी तिचं स्टेटस होतं, 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.' खाली त्याच मुलाचा फोटो, हातात पझल.

तर पालकहो, ही आदर्श पद्धत. एका संध्याकाळीत औदार्य आणि खरेपणा दोन्ही मुळासकट...

नाही, मला हे आता हसत हसत लिहिता येत नाही.

बाई, तुम्ही वाचत असाल तर वाचा. गाडी महाग होती, मान्य. मग घरी बसून पोराला सांगायचं होतं, "बाळा, मला ही द्यायला जीवावर येतंय." खरं तरी झालं असतं. नाहीतर मला सांगायचं, "मिस, परत द्या, मला नाही द्यायची." मी निमूटपणे दिली असती, चार लोकांत बोललेही नसते. तुम्ही त्याला खोटं बोलायला लावलंत, तेही माझ्यासमोर, जिने त्याला आदल्या रविवारी 'तुमचे बोलणे होय तर होय' हे वचन पाठ करायला दिलं होतं. बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने देणगीतले पैसे लपवले, पण त्यांनी निदान स्वतःची जमीन विकली होती आणि खोटं स्वतःच्या तोंडाने बोलले होते. त्यांनी आठ वर्षांच्या पोराला साक्षीला उभं केलं नव्हतं.

आणि तुम्ही बाकीचे, जे हे वाचून "कोण गं ती?" असं एकमेकांना विचारणार आहात, तुम्ही कुठले मोठे धुतल्या तांदळाचे? तो एक मोजा तुमच्यापैकीच कोणीतरी दिलाय. वर आम्हालाच विचारता, मुलं ऐकत का नाहीत, संडे स्कूलमध्ये शिकवता तरी काय? आम्हाला आठवड्यातला एक तास मिळतो. उरलेला वेळ तुमच्याकडे असतो आणि तुम्ही तो अजिबात वाया घालवत नाही.

शनिवारी दुपारी चारपासून गोळा करायचं काम पुन्हा आहे, जागा तीच. कपडे धुऊन, बटणं लावून आणा. फाटके आणू नका, फरशी पुसायला फडकी आमच्याकडे भरपूर आहेत. फोन खिशात ठेवा. मूल जे उचलून आणेल ते त्याला देऊ द्या, आणि बघवत नसेल तर आत येऊच नका, बाहेर गाडीत बसून राहा.