खोडदची दुर्बीण आणि ‘गोऱ्यांना फुकट वेळ’: जुन्नरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्नरकर, तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. नव्याने येणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या) देशोदेशीचे लोक मिळून काय काम करतात, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात: जमीन आमची, कर आमचा, कारखान्यांवरची बंधनं आमच्या तालुक्याला, आणि दुर्बिणीचा निम्मा वेळ गोऱ्यांना फुकट. पुणे-नाशिक रेल्वे या दुर्बिणीपायी आमच्या हातची गेली. वर आता एका नव्या दुर्बिणीपायी साडेबाराशे कोटी आफ्रिका-ऑस्ट्रेलियात ओतणार. सहकार्य म्हणजे डोकं त्यांचं, हात आपले. शेवटी ‘पुण्यात बसून लिहायला काय जातं’ असा एक टोलाही हाणलात. टोला बरोबर बसला, मी पुण्यातच बसतो.

रेल्वेपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं दुखणं खरं आहे. नारायणगावावरून जाणारा मार्ग बदलायचं ठरलं आणि त्यासाठी जीएमआरटीचं कारण दिलं गेलं. नारायणगावच्या बाजारात पहाटे टोमॅटोचे क्रेट चढवणाऱ्या माणसाने पल्सार नावाच्या दूरच्या ताऱ्यांसाठी रेल्वेवर पाणी का सोडावं, याचं उत्तर त्याला समोर बसवून कुणी दिलेलं नाही. तांत्रिक कारण खोटं नाही. विजेच्या गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ तारेला घासत जातो, तिथे ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की असल्या खरखरीत तो सहज बुडून जातो. पण माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथे उभी आहे. मार्गाची पहिली रेघ नकाशावर ओढताना ती कुणाच्याच नजरेस पडली नाही? पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत, सुई नव्हे. दोन सरकारी खात्यांनी आधी एकमेकांशी बोलायचं नाही आणि त्याची किंमत तालुक्याने मोजायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. तालुक्याला मोबदल्यात काय मिळणार, हे तुम्ही विचारलंच पाहिजे. जोरात विचारा.

पण जुन्नरकर, यात परदेशी माणूस कुठे आला? उद्या ठरवलं की बाहेरच्या कुणाला एक तासही द्यायचा नाही, सगळी दुर्बीण पुणे, बंगळूर आणि मोहालीच्या लोकांनी वापरायची, तरी पेंटोग्राफची ठिणगी तेवढीच उडणार आणि रेल्वे तेवढीच लांबून जाणार. तुम्ही दोन तक्रारींची मोट बांधलीत. पहिली रास्त आहे. दुसरीला तिच्या जोरावर उभं करू नका.

आता त्या ‘फुकट’कडे येऊ. वेळ निम्मा जातो की थोडा कमी-जास्त, हे हंगामागणिक बदलतं. आकड्यावर घासाघीस नको, निम्मा धरून चालू. २००२ पासून ही दुर्बीण जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. काय बघायचं, कशासाठी, किती तास, हे लिहून द्यायचं. समीक्षक ते वाचतात, समिती तास वाटते. मागितलेले तास हाती असलेल्या तासांपेक्षा नेहमीच बरेच जास्त असतात, त्यामुळे कात्री सगळ्यांनाच लागते, पुणेकरांनाही. आणि पैसे कुणीच भरत नाही हे खरं, पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तसाच आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्हीएलए नावाची दुर्बीण आहे. आपल्याकडचे संशोधक तिथे अर्ज करून वेळ घेतात, त्याचं बिल पुण्याला येत नाही. आपण आपलं दार लावून घेतलं तर ती दारं किती दिवस उघडी राहतील?

तुम्ही ‘त्यांना काय मिळतं’ ते मोजलंत. आपल्याला काय मिळालं त्याचं एक उदाहरण जरा नीट उलगडतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नियमित येतात. आकाशात असे पंचवीसेक निवडक पल्सार धरून वर्षानुवर्षं त्यांचे ठोके मोजत राहिलं, तर एखादी प्रचंड लांब गुरुत्वीय लहर (अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी) मधून जाताना ठोके किंचित पुढे-मागे होतात. ‘किंचित’ म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या घरात. अडचण अशी की तारा आणि आपण यांच्यामध्ये विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि ते ठोक्याला उशीर लावतात. फ्रीक्वेन्सी जितकी खाली, तितका उशीर जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. एखाद्या जवळच्या पल्सारचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका उशिरा येत असेल, तर तोच ४०० वर जवळजवळ पाव सेकंद उशिरा येतो. त्यात हे इलेक्ट्रॉन एका जागी स्वस्थ बसत नाहीत, म्हणून उशीर महिन्यागणिक बदलतो. तो काटेकोर वजा करता आला नाही, तर लहर मोजतोय की मधला कचरा, हे कळणार कसं?

युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींकडे जवळजवळ पंचवीस वर्षांच्या नोंदी होत्या, पण बहुतेक १४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या. खोडदच्या सुधारित जीएमआरटीवर भारतीय आणि जपानी संशोधकांनी मिळून वेगळी युक्ती केली. तीस अँटेनांचे, म्हणजे थाळ्यांचे, गट पाडले, एक गट ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर, दुसरा १२६० ते १४६० वर, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच पल्सारवर रोखले. एकाच क्षणी दोन टोकांचा उशीर हाती आला, म्हणजे मधले इलेक्ट्रॉन किती हेही त्याच क्षणाचं कळलं. आपल्या नोंदी होत्या जेमतेम साडेतीन वर्षांच्या. ज्या लहरीचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागतात, ती साडेतीन वर्षांत एकट्याने पकडणं अशक्यच. त्यांच्याकडे वर्षं होती, आपल्याकडे खालची फ्रीक्वेन्सी होती. दोन्ही एकत्र केलं आणि २९ जून २०२३ रोजी या लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले निष्कर्ष मांडले. शंभर टक्के शिक्कामोर्तब व्हायला अजून नोंदी लागतील, पण चारही गट एकाच दिशेला बोट दाखवताहेत.

आता यात डोकं कुणाचं आणि हात कुणाचे, तुम्हीच सांगा.

तसं पाहिलं तर खोडदची वंशावळच देवाणघेवाणीतून आलेली आहे. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये कोलंबो योजनेतून (राष्ट्रकुल देशांची मदत योजना) सिडनीला गेले. तिथे पॉट्स हिल या ठिकाणी सूर्य बघण्यासाठी सहा फुटी ३२ थाळ्या मांडलेल्या होत्या. काम उरकल्यावर त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी, तेव्हा ऐन पंचविशीत, त्या भारताला द्या म्हणून तिथल्या प्रमुखांकडे, जोसेफ पॉसींकडे, शब्द टाकला. ऑस्ट्रेलियाने होकार दिला. मग वाहतुकीच्या खर्चावरून गाडं अडलं (देणारा देतो, भाडं कोण भरणार यावर आपण फायली फिरवतो), स्वरूप मधल्या काळात अमेरिकेला जाऊन आले, आणि शेवटी १९६५ मध्ये त्या थाळ्या आपल्या कल्याणला उभ्या राहिल्या. लोकल ट्रेनवाल्या कल्याणला! तिथे हात बसलेली मंडळीच पुढे उटीला गेली. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर. एका दिशेला फिरवली की तारा तासन्‌तास नजरेत. ही कल्पना कुठून आयात केलेली नव्हती.

खोडदच्या थाळ्या जवळून पाहिल्यात का? लांबून भरीव वाटतात. जवळ गेलं की आरपार आकाश दिसतं. पत्रा नाहीच, स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे, आणि ती दोरखंडांवर ताणून तिला वाटीचा आकार दिलाय. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला, म्हणून खर्च आवाक्यात राहिला. एवढ्या मोठ्या थाळ्या इतक्या स्वस्तात उभ्या करायची ही तऱ्हा स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच काढली. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा बारीकसा संकेत खोडदला ऐकू येत होता. उतरण्याच्या अगदी आधी तो तुटला आणि यान आपटल्याचं पुढे निष्पन्न झालं. यान त्यांचं, कान आपले.

तुमच्या ‘डोकं त्यांचं’ या वाक्याला दुजोरा देणारी गोष्टही सांगतो, लपवून काय करू. २०१० ते २०१२ या काळात भारतीय चमूने जीएमआरटीवरून १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश टिपलं. निरीक्षणं आपली, दुर्बीण आपली. पण त्या नोंदींचा पूर्ण नकाशा आणि सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली ती हुइब इंटेमा या डच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. आयनावरणामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, प्रतिमा गढूळ होते, ती स्वच्छ करायची संगणकप्रणाली त्याने लिहिली होती. नोंदी सगळ्यांसाठी खुल्या होत्या, त्याने उचलल्या, काम तडीस नेलं. आज ती यादी आपलेही विद्यार्थी वापरतात. मला याची बोच आहे. फक्त ती त्या डच माणसावर काढण्यात अर्थ नाही. त्याने काही चोरलं नाही. आपल्याकडे दुर्बीण बांधायला पैसा मिळतो, पण तिच्या नोंदी चाळत चार-पाच वर्षं एका जागी बसणाऱ्या माणसाला पगार द्यायचा म्हटला की हात आखडतो. खरी गळती तिथे आहे.

साडेबाराशे कोटींचं थोडक्यात. स्क्वेअर किलोमीटर अॅरे नावाची दुर्बीण दोन ठिकाणी बांधली जातेय: दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात १९७ थाळ्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात झाडासारख्या दिसणाऱ्या एक लाख एकतीस हजारांवर अँटेना. ती इथे का नाही, याचं उत्तर तुमच्याच रेल्वेच्या तक्रारीत आहे. शेकडो किलोमीटर रेल्वे नको, मोबाईल टॉवर नको, कारखाना नको, अशी जागा महाराष्ट्रात दाखवा! भारताने मंजूर केलेल्या १२५० कोटींत इथे घडवून द्यायच्या गोष्टी आहेत, आणि नोंदी साठवून हाताळायचं केंद्र इथेच उभारायचंय. या सगळ्या अँटेना चालवणारी नियंत्रणप्रणाली आखण्याचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्या टाटा संस्थेच्या केंद्राकडे, होतं, कारण तीस थाळ्या पंचवीस किलोमीटरवर पसरून एक दुर्बीण म्हणून चालवायचा अनुभव खोडदला मिळालेला होता. कारूतली थाळी वळवणाऱ्या प्रणालीत खोडदची शिदोरी आहे, म्हणून तो पैसा ‘ओतला’ असं मला वाटत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘मग आमच्या पोरांनी काय करायचं, अठ्ठावीस फेब्रुवारीला रांगेत उभं राहून थाळ्या बघायच्या?’ विज्ञानदिनाचं खोडदचं प्रदर्शन मला आवडतं, गर्दीत घामाघूम होऊनही आवडतं, पण वर्षातला एक दिवस कमीच आहे हे कबूल. मात्र एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: वेळेसाठी अर्ज करायला तुम्ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असायची गरज नाही. जुन्नर किंवा संगमनेरच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने अर्ज केला तर तोही त्याच समितीपुढे जातो, जिच्यापुढे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा अर्ज जातो. जुन्या नोंदी तर ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुल्या होतात, इंटेमाने उचलल्या तशा. तुमच्या ओळखीत असा कुणी प्राध्यापक असेल तर त्याला कळवा. अर्ज साधारण जानेवारी आणि जुलैच्या मध्यापर्यंत घेतात. पहिला अर्ज लिहिताना कुणाची मदत हवी असेल, तर मला ब्लॉगवरच निरोप टाका, जाणकार माणसाशी गाठ घालून देतो.