टोरंटोत व्हिसा, की मुंबईत?

रविवारी सकाळी कोथरूडच्या कट्ट्यावर नानांनी विषय काढला. त्यांचा पुतण्या अमेरिकेत बफेलोला पीएच.डी. करतो. त्याच्या एफ-१ या विद्यार्थी-व्हिसाची पाच वर्षांची मुदत संपली आहे आणि पुढच्या महिन्यात टोरंटोच्या परिषदेत त्याला शोधनिबंध वाचायचा आहे. "टोरंटो मोटारीने दोन तासांवर; तिथल्याच अमेरिकी वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा, मागची मुले असेच करत आली," असे नानांचे म्हणणे होते.

अण्णांनी ते साफ खोडून काढले. ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले की, व्हिसाची मुलाखत अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशात द्यावी. अन्यत्र अर्ज केल्यास व्हिसा मिळणे अवघड जाईल आणि भरलेले शुल्कही परत मिळणार नाही. कॅनडात तो पाहुणा, रहिवासी नव्हे.

भाऊ चिडले. विद्यावेतनावर जगणाऱ्या मुलाने भारताच्या तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, आणि कागद 'प्रशासकीय तपासणी'त, म्हणजे व्हिसापूर्वीच्या जादा चौकशीत, अडकले तर प्रयोगशाळेतले काम कोणी सांभाळायचे, हा त्यांचा सवाल होता. तो राग मला पटतो. शिवाय मुलाखतीविना व्हिसा मिळण्याची ड्रॉपबॉक्सची सोयही त्याच महिन्यात बहुतेकांसाठी बंद झाली.

मात्र मला खरी धास्ती वाटली ती नानांच्या सल्ल्याची. व्हिसा हा अमेरिकेच्या दारातून आत जाण्यापुरता असतो; आत राहण्याचा आधार आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी असल्याचा दाखला) हे कागद. त्यामुळे मुदत संपलेल्या व्हिसावरही विद्यार्थ्याला कॅनडात तीस दिवसांपर्यंत राहून परत येता येते; 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन' म्हणतात ते हेच. पण त्या मुक्कामात त्याने नव्या व्हिसासाठी अर्ज केला, की ही सवलत गेली. तो अर्ज रखडला किंवा नाकारला गेला, तर दोन तासांवरचे बफेलो त्याला बंद, आणि टोरंटोहून थेट मुंबई गाठण्याची वेळ.

म्हणून त्याने निबंध वाचावा आणि अर्ज न करता परतावे. व्हिसासाठी मुंबईची तारीख हाती आल्यावरच सुटी टाकावी, असे मी आग्रहाने सांगितले. भाऊंना हे अन्यायापुढे मान तुकवणे वाटले. अण्णांनी कॅनडाचा स्वतंत्र व्हिसाही लागेल, याची आठवण करून दिली.

नानांनी तिथूनच फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आय-२० च्या दुसऱ्या पानावर प्रवासासाठीची विद्यापीठाची सही कोणत्या तारखेची आहे रे? वर्ष उलटले नाही ना?"